शेअर्ड फोल्डर उघडत नाही? आधी शोधा, नेमकं अडलंय कुठे



आजचा विषय ऑफिसातला अगदी रोजचा आहे. एका कॉम्प्युटरवर कामाचा फोल्डर ठेवलेला असतो. त्या कॉम्प्युटरला कुणी सर्व्हर म्हणतं, कुणी मेन कॉम्प्युटर म्हणतं. बाकीची मंडळी आपापल्या टेबलावरून तो फोल्डर उघडून काम करतात. आणि एके दिवशी सकाळी तो उघडत नाही.

हा दिवस बहुतेक वेळा महिन्याच्या १९ तारखेलाच उगवतो. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायचा असतो, बिलं त्या फोल्डरात असतात आणि चार माणसं हात बांधून बसलेली असतात. मग घाईघाईत कुणीतरी फायरवॉल बंद करतं, कुणी फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन टाकतं, कुणी कुठल्याशा व्हिडिओत बघून विंडोजचं एक जुनं फीचर पुन्हा चालू करतं. फोल्डर उघडतो. सगळे सुस्कारा सोडतात. पण त्या पाच मिनिटांत ऑफिसच्या सगळ्या हिशोबाला कुलूपच उरलेलं नसतं, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी गेली बरीच वर्षं छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. आजच्या भागात मला एकच गोष्ट सांगायची आहे. फोल्डर उघडत नाही याचा अर्थ वाटेतल्या चारपैकी एक दार बंद आहे. ते कुठलं, हे दहा मिनिटांत शोधता येतं. तेवढं एकच दार उघडायचं. बाकीची तीन होती तशी बंद ठेवायची.

आपले वाचक इंदूरला आहेत, बडोद्याला आहेत, हैदराबाद, बेळगाव, दिल्लीलाही आहेत. ऑफिसात बोलायची भाषा प्रत्येकाची वेगळी. पण स्क्रीनवर येणारा मेसेज सगळीकडे तोच असतो, म्हणून ही पद्धत सगळीकडे चालेल. बटणांची नावं मी स्क्रीनवर दिसतात तशीच घेणार आहे. कमांड टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

चार दारं कुठली?

एखाद्या मोठ्या सोसायटीत पाहुणा म्हणून जायचं आहे असं समजा. आधी पत्ता हवा. मग तिथपर्यंत जाणारा रस्ता मोकळा हवा. गेटवर वॉचमनला तुमची ओळख पटायला हवी. आणि शेवटी, ज्या खोलीत जायचं तिची किल्ली तुमच्याकडे हवी.

शेअर्ड फोल्डरचंही असंच चालतं. तुम्ही मेन कॉम्प्युटरचं नाव टाकता, तेव्हा विंडोज आधी त्या नावाचा आयपी पत्ता शोधतं. मग त्या पत्त्यावर ४४५ नंबरच्या पोर्टवर दार ठोठावतं. दार उघडलं की तुमचं यूजरनेम आणि पासवर्ड मागितला जातो. तो जुळला की तुम्हाला या फोल्डरात काय करता येईल ते तपासलं जातं: नुसतं वाचायचं, की बदलही करायचा.

या सगळ्या संभाषणाच्या नियमांना एसएमबी म्हणतात. त्याची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने ते विंडोजमध्ये वाढवलं. त्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा आवृत्त्या आहेत. हा आवृत्त्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. मला असा फोन नेहमी येतो:

"सर, नेट बंद आहे, फोल्डर उघडत नाही."

"व्हॉट्सअॅप वेब चालतंय का?"

"हो, ते चालतंय."

म्हणजे नेट चालू आहे! मुळात या फोल्डराचा इंटरनेटशी संबंधच नाही. इंटरनेटची लाइन तुटली तरी ऑफिसातल्या ऑफिसात फोल्डर उघडला पाहिजे. आणि इंटरनेट उत्तम चालत असताना फोल्डर बंद असू शकतो. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

हात लावण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: एकालाच अडतंय की सगळ्यांना? सगळ्यांना अडत असेल तर मेन कॉम्प्युटर, स्विच किंवा राउटर बघायचा. एकालाच अडत असेल तर त्याच्याच कॉम्प्युटरवर बसायचं, मेन कॉम्प्युटरला बोटही लावायचं नाही. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

दुसरा प्रश्न: कालपर्यंत चालत होतं का, आणि मध्ये काय बदललं? याला उत्तर ठरलेलं असतं, "काहीच नाही बदललं." म्हणून नावं घेऊन विचारायचं. राउटर बदलला का? रात्री अपडेट झालं का? कुणी पासवर्ड बदलला का? नवा अँटिव्हायरस टाकला का? टेबल हलवलं का? बहुतेक वेळा यातल्या एकाला "हां, ते केलंय" असं उत्तर येतं.

तिसरा प्रश्न: स्क्रीनवर नेमकं काय लिहिलं आहे? "एरर येतोय" हे उत्तर नव्हे. मोबाइलने फोटो काढा. नंबर दिसत नसेल तर मेसेजमधलं 'सी डिटेल्स' दाबा.

हा नंबर फार कामाचा असतो, कारण कुठलं दार बंद आहे ते तोच सांगतो:

- ५३, किंवा शेवटी ००३५ असलेला लांबलचक आकडा: कॉम्प्युटर सापडत नाही किंवा तिथे पोचता येत नाही. पहिलं किंवा दुसरं दार.
- ६७, किंवा शेवटी ००४३: कॉम्प्युटर बहुधा सापडला, पण त्या नावाचा शेअर तिथे नाही. नाव चुकलं, किंवा शेअर काढून टाकला गेला.
- १३२६: यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. तिसरं दार.
- १२१९: त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने आत आहात. हेही तिसरं दार.
- ५, म्हणजे 'अॅक्सेस इज डिनाइड': बहुतेक वेळा ओळख पटलेली असते, परवानगी नसते. चौथं दार.

५३ आणि ३५ हे दोन वेगळे एरर नाहीत. ३५ हा आकडा सोळाच्या पाढ्यावरच्या पद्धतीने लिहिलेला असतो: तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि पाच, झाले ५३. तसंच ४३ म्हणजे चार सोळे चौसष्ट आणि तीन, ६७.

पहिलं दार: पत्ता

फाइल एक्स्प्लोररमध्ये डावीकडे 'नेटवर्क' दाबलं आणि मेन कॉम्प्युटर यादीत दिसला नाही, की लोक धरून चालतात की तो बंद आहे. ही यादी म्हणजे सोसायटीच्या पाट्यांचा बोर्ड. पाटी पडली म्हणून घर पडत नाही. यादीत नाव नसतानाही फोल्डर व्यवस्थित उघडू शकतो.

म्हणून यादी बघत बसू नका. विंडोजचं बटण आणि आर दाबा, छोटी चौकट येईल. तिथे दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे कॉम्प्युटरचं नाव टाका. उघडलं नाही, तर नावाच्या जागी आयपी पत्ता टाका, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.१०. मेन कॉम्प्युटरचा पत्ता काढायला त्याच्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही कमांड द्या.

आता बघा काय झालं. आयपी पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर फक्त नाव सापडण्याचा घोटाळा आहे. रस्ता, ओळख, परवानगी सगळं ठीक आहे. अशा वेळी पासवर्ड बदलणं किंवा फायरवॉल बंद करणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून डोळ्यांत औषध घालणं. यादीत नाव दिसावं असं वाटत असेल तर मेन कॉम्प्युटरवर सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करा.

आयपी पत्त्याचीही एक गंमत असते. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता वाटत असतो आणि तो बदलू शकतो. आज १० असलेला पत्ता लाइट जाऊन आल्यावर १४ होतो. तुम्ही झेड ड्राइव्ह पत्त्यावरून जोडला असेल, तर तो दुसऱ्याच कुणाचं दार ठोठावत बसतो. यावर उपाय राउटरमध्ये आहे: 'अॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये मेन कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा बांधून टाका.

आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल बघा, मग स्विचचा दिवा बघा.

दुसरं दार: रस्ता

पत्ता बरोबर आहे, पण पोचता येत नाही. पहिली शंका अगदी साधी: मेन कॉम्प्युटर झोपलाय का? साहेब बाहेर गेले, अर्ध्या तासाने त्यांचा कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला, आणि बाहेर चौघांचं काम थांबलं. ज्याच्यावर सगळ्यांचा फोल्डर आहे त्याचं स्लीप पॉवर सेटिंगमधून बंद ठेवायचं. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही.

दुसरी शंका, नवा राउटर. इंटरनेटवाला येतो, राउटर बदलून जातो आणि दुपारपासून फोल्डर बंद. विंडोजला हे नवीनच नेटवर्क वाटतं आणि ते त्याला 'पब्लिक' मानतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं परकं. परक्या ठिकाणी आपला फोल्डर कुणाला दाखवू नये, हा त्याचा विचार बरोबरच आहे. आपण त्याला सांगायचं, हे आपलंच ऑफिस आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे जोडणीच्या प्रॉपर्टीज, आणि प्रोफाइल 'प्रायव्हेट'. मेन कॉम्प्युटरवर हे करायलाच हवं. फायरवॉल बंद न करता फोल्डर उघडतो.

तिसरी शंका, दोन राउटर. आतल्या केबिनमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी दुसरा राउटर लावतं. आता अर्ध्या कॉम्प्युटरांचे पत्ते १९२.१६८.१ चे आणि अर्ध्यांचे १९२.१६८.० चे. एका ऑफिसाची दोन गावं झाली आणि मध्ये नदी. मेन कॉम्प्युटर आतल्या राउटरमागे असेल तर बाहेरच्यांना तो सापडणार नाही. दुसऱ्या राउटरला 'अॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकलं की पुन्हा एकच गाव होतं. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर बसलेल्यालाही फोल्डर दिसत नाही, कारण ते वायफाय मुद्दामच वेगळं ठेवलेलं असतं.

रस्ता मोकळा आहे का हे बघायला लोक 'पिंग' करतात. पिंगला उत्तर आलं तर उत्तम. पण उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता बंदच, असं नाही. फायरवॉल पिंगला गप्प बसवू शकते आणि फोल्डरचं दार उघडं ठेवू शकते. म्हणून पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही कमांड द्या, पुढे कॉम्प्युटरचा पत्ता आणि 'पोर्ट ४४५' सांगा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की दोन्ही दारं पार झाली. पत्ता आणि रस्ता याकडे पुन्हा बघायचं नाही. 'फॉल्स' आलं तर प्रोफाइल, फायरवॉल आणि अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल, या क्रमाने बघा.

तिसरं दार: ओळख

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण माणूस म्हणतो, "पासवर्ड बरोबरच आहे, रोज तोच टाकतो."

पहिला घोळ पिनचा. सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना आपण चार-सहा आकडी पिन टाकतो. तो पिन फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. फोल्डरसाठी खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पिनची सवय झाली की तो कुणाला आठवत नाही.

दुसरा घोळ रिकाम्या पासवर्डचा. मेन कॉम्प्युटरच्या खात्याला पासवर्डच नाही, एंटर दाबलं की सुरू. अशा खात्याने समोर बसून काम करता येतं, पण नेटवर्कवरून विंडोज त्याला आत घेत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे आणि योग्य आहे. खात्याला पासवर्ड द्या.

तिसरा घोळ, कुणाच्या नावाने विचारतोय हा. पासवर्ड मेन कॉम्प्युटरवरच्या खात्याचा हवा, तुमच्या कॉम्प्युटरवरच्या नव्हे. यूजरनेम टाकताना आधी मेन कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव असं लिहा, म्हणजे गोंधळ राहत नाही. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड सारखेच असतील तर विंडोज न विचारता आत सोडतं. म्हणूनच कुणी एकीकडचा पासवर्ड बदलला की वर्षानुवर्षं न विचारणारा फोल्डर अचानक विचारायला लागतो.

चौथा घोळ जुन्या आठवणीचा. मेन कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला, पण बाकीच्यांकडे 'रिमेम्बर माय क्रेडेन्शियल्स' करून जुनाच साठवलेला आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये मेन कॉम्प्युटरच्या नावाची नोंद काढून टाका आणि नव्याने पासवर्ड द्या.

आणि १२१९ आला तर? विंडोज एका माणसाला एकाच कॉम्प्युटरवर एका वेळी दोन नावांनी जाऊ देत नाही. 'नेट यूज' कमांडने कुठल्या जोडण्या चालू आहेत ते दिसतं. जुनी जोडणी तोडा, किंवा सरळ लॉग ऑफ करून परत या.

चौथं दार: परवानगी

ओळख पटली, तरी 'अॅक्सेस इज डिनाइड'. किंवा उघडतं, पण सेव्ह होत नाही.

नेटवर्कवरच्या फोल्डराला परवानगीच्या दोन याद्या असतात. एक 'शेअरिंग' टॅबमधली आणि दुसरी 'सिक्युरिटी' टॅबमधली. दोन्हींत जी कडक असेल ती चालते. सिक्युरिटीत बदलाची परवानगी आहे, पण शेअरिंगमध्ये फक्त 'रीड' आहे, तर नेटवर्कवरून फक्त वाचता येईल. 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग'मधून शेअर केलं की विंडोज मुळात 'एव्हरीवन'ला 'रीड' देतं. "उघडतं पण सेव्ह होत नाही" या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. फाइल त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात 'कट-पेस्ट' केली, तर ती जुन्या जागेच्या परवानग्या बरोबर घेऊन येऊ शकते. 'कॉपी-पेस्ट' केली तर नव्या फोल्डराच्या परवानग्या घेते. म्हणून साहेबांच्या खासगी फोल्डरातून कट करून सगळ्यांच्या फोल्डरात टाकलेली एकच फाइल कुणाला उघडत नाही आणि बाकीच्या शंभर उघडतात. अशा वेळी फोल्डरची परवानगी बदलू नका, त्या एका फाइलची बघा.

तिसरी गोष्ट, माणसाला नवीन ग्रुपमध्ये घातलं असेल तर त्याला एकदा लॉग ऑफ करून परत यायला सांगा. तोवर त्याची जुनीच ओळख चालू असते.

आणि चौथी, जी परवानगीसारखी दिसते पण परवानगी नसते. हिशोबाचं सॉफ्टवेअर 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं तर त्याला तुमचा झेड ड्राइव्ह दिसत नाही, कारण तो ड्राइव्ह साध्या लॉगिनमध्ये जोडलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये झेड न लिहिता दोन तिरक्या रेघांपासूनचा पूर्ण पत्ता लिहा.

तसंच 'लॉक्ड फॉर एडिटिंग' म्हणजे दुसऱ्या कुणाकडे ती फाइल उघडी आहे. मेन कॉम्प्युटरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स', त्यात 'ओपन फाइल्स' बघा, नाव सापडेल. आधी त्या व्यक्तीला सेव्ह करून बंद करायला सांगा. तिथून जबरदस्तीने बंद केलीत तर तिचं न साठवलेलं काम जाऊ शकतं. आणि जागा वीसपेक्षा जास्त झाल्या असतील तर लक्षात घ्या, साधं विंडोज १० किंवा ११ एका वेळी २० कॉम्प्युटरांनाच जोडून घेतं. एकविसाव्याला ७१ नंबरचा एरर येतो. तिथे खरा सर्व्हर किंवा नॅस घ्यायची वेळ आली.

"काल चालत होतं, अपडेट झालं आणि बंद पडलं"

आता आवृत्त्यांचा मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अनेक ऑफिसांत नवे विंडोज ११ चे कॉम्प्युटर आले. जुना मेन कॉम्प्युटर, जुना नॅस आणि जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन मात्र तेच राहिलं. नवं आणि जुनं एकमेकांशी बोलेना, अशी तक्रार मग सुरू होते.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत दोन गोष्टी कडक झाल्या. एक, पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरात शिरणं बंद. दोन, प्रत्येक संदेशावर सही असल्याशिवाय बोलणं बंद. पहिल्या बाबतीत मेसेज येतो की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे हे अडवलं आहे. तीन माणसांच्या ऑफिसात लोक एकमेकांकडे बघतात, हे धोरण कुणी केलं? कुणीच नाही. विंडोज मुळातच तसं आलेलं असतं. उपाय सोपा आहे: मेन कॉम्प्युटरवर किंवा नॅसवर प्रत्येकासाठी पासवर्ड असलेलं खातं करा आणि त्या खात्याने आत जा. सहीसाठी नॅसचं फर्मवेअर अपडेट करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'एसएमबी सायनिंग' चालू करा.

स्कॅनरचं दुखणं वेगळं. जुनी मशीन स्कॅन फोल्डरात टाकताना एसएमबीची पहिली आवृत्ती वापरतात. ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती मुळातच बंद असते. मग व्हिडिओ सांगतात, 'विंडोज फीचर्स'मध्ये जा, एसएमबी १ वर टिक करा, झालं. कृपा करून हे करू नका.

का, ते सांगतो. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही बाधित झाले. कुणीही कुठल्या लिंकवर क्लिक करायची त्याला गरज नव्हती. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका दोषातून तो ४४५ पोर्टवरून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपणहून जात होता. त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले.

स्कॅनरसाठी दुसरे मार्ग आहेत. मशीनचं फर्मवेअर अपडेट करून बघा, नव्या आवृत्तीची सोय येऊ शकते. नाहीतर स्कॅन ईमेलवर घ्या, पेन ड्राइव्हवर घ्या. थोडी गैरसोय होईल, पण एका स्कॅनरसाठी सगळ्या ऑफिसाचं दार उघडं टाकू नका.

घाईत कधीच करू नका अशा गोष्टी

फायरवॉल पूर्ण बंद करू नका. खात्री करायची म्हणून दोन मिनिटं बंद करावी म्हणाल, तर ती दोन मिनिटं बरेचदा दोन वर्षं होतात. ४४५ चा रस्ता तपासायची कमांड वर सांगितली आहे, ती वापरा.

'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन सिक्युरिटी टॅबही सैल करू नका. खंडणीखोर व्हायरस ज्या कॉम्प्युटरवर शिरतो, तिथल्या माणसाला जे जे बदलता येतं ते ते तो कुलूपबंद करतो, झेड ड्राइव्हसकट. रिसेप्शनवरच्या माणसाला सगळ्या फोल्डरांत लिहिता येत असेल, तर त्याने उघडलेल्या एका खोट्या ईमेलमुळे सगळ्यांचा हिशोब जाईल. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्या.

घरून काम करता यावं म्हणून राउटरमध्ये ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडू नका. त्यासाठी व्हीपीएन असतं.

आणि फोल्डर चालू असो वा बंद, त्याचा बॅकअप एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. बॅकअप झाला की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्कही व्हायरसला सापडते.

एक पान लिहून ठेवा

शेवटी एक काम देतो. एक कागद घ्या. त्यावर मेन कॉम्प्युटरचं नाव, त्याचा बांधलेला आयपी पत्ता, शेअर केलेल्या फोल्डरांची नावं, आणि कुठल्या फोल्डरात कुणाला वाचायची, कुणाला लिहायची परवानगी, एवढं लिहा. राउटर कधी बदलला, पासवर्ड कधी बदलला याच्या तारखा खाली वाढवत जा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको, तो जबाबदार माणसाकडे वेगळा राहू दे.

पुढच्या वेळी कुणी "सर्व्हर उडाला" म्हणालं, की हा कागद समोर ठेवा आणि क्रमाने जा. एकालाच की सगळ्यांना? काय बदललं? नंबर काय आला? पत्त्याने उघडतो का? ४४५ ला 'ट्रू' येतं का? कुठल्या नावाने आत जातोय? दोन्ही याद्यांत त्याचं नाव आहे का? जिथे उत्तर 'नाही' येईल तिथे थांबा आणि तेवढंच दुरुस्त करा. आपल्याला जमलं नाही तरी काही बिघडत नाही. माहीतगार माणसाला फोन करताना "चौथ्या दाराशी अडलंय, पहिली तीन पार आहेत" एवढं सांगता आलं, तर त्याचंही अर्धं काम वाचतं आणि १९ तारखेची तुमची दुपारही.

पुढच्या भागात याच मेन कॉम्प्युटरचा बॅकअप रोज आपोआप कसा घ्यायचा ते बघू. तोपर्यंत नमस्कार.